पुन्हा पटावर

मी कोल्हापुरात कंपनी सेक्रेटरी म्हणून प्रॅक्टिस करते. वार्षिक विवरणपत्रं, संचालकांची केवायसी, सभांची इतिवृत्तं ही आमची बारमाही कामं. त्यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत आणखी एक काम येऊ लागलं आहे. कंपनी निबंधकांनी, म्हणजे आरओसीनं, जिचं नाव नोंदणीतून काढून टाकलं आहे अशी कंपनी कायद्याच्या मार्गानं पुन्हा नोंदणीवर आणायची. दगदग, लागणारा वेळ आणि मिळणारी फी यांचा हिशेब मांडला तर हे काम परवडत नाही. तरी असं काम आलं की मी ते सहसा परत पाठवत नाही. एरवी फॉर्मच्या रकान्यांत अडकलेली माणसं या कामात माझ्यासमोर येऊन बसतात.

२०१७ हे साल आमच्या व्यवसायातलं कुणी विसरणार नाही. कंपनी कायदा २०१३ मधलं नाव काढून टाकण्याचं कलम २४८ हे २६ डिसेंबर २०१६ पासून लागू झालं. लागोपाठ दोन आर्थिक वर्षं कंपनीनं धंदा केलेला नाही आणि सुप्त कंपनीचा दर्जाही मागितलेला नाही, असं मानायला वाजवी कारण असेल तर निबंधक नोटीस काढतात. उत्तराला ३० दिवस मिळतात. समाधानकारक उत्तर आलं नाही तर जाहीर सूचना निघते आणि शेवटी राजपत्रात नाव छापून कंपनी विसर्जित होते. नोटाबंदीनंतर कागदी कंपन्यांची साफसफाई करायची मोहीम सरकारनं याच कलमाखाली हाती घेतली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सरकारनं जाहीर केलं की दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं काढली आहेत आणि न्यायाधिकरणाच्या आदेशानं त्या पूर्ववत होईपर्यंत त्यांच्या संचालकांना बँक खाती चालवता येणार नाहीत.

मोहिमेचा हेतू योग्यच होता. एका खोलीच्या पत्त्यावर डझनावारी कंपन्या थाटून पैसे फिरवणाऱ्यांना आळा बसायलाच हवा होता. पण त्या दोन लाखांत काही खरीखुरी राबणारी माणसंही होती. त्यांतले दोन भाऊ त्याच महिन्यात माझ्या ऑफिसात आले.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत त्यांची शेड. वडिलांनी एका लेथवर सुरू केलेलं काम मुलांनी सीएनसीपर्यंत नेलेलं. पंपांची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग फौंड्रीतून यायची, त्यांचं मशीनिंग करून माल पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे जायचा. पगार दर महिन्याच्या ७ तारखेला. त्या महिन्यात पगाराचे चेक काढले आणि बँकेनं परत केले. खात्यात पैसे होते, येणारे पैसे जमाही होत होते, बाहेर मात्र एक रुपया जात नव्हता. व्यवस्थापकांनी सांगितलं, तुमची कंपनी अस्तित्वात नाही.

थोरला भाऊ मला म्हणाला, “मॅडम, अस्तित्वात न्हाई म्हंजे काय वो? आत्ता तीन मशिनी चालू सोडून आलोय की आम्ही.”

मी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं. स्थितीच्या रकान्यात ‘स्ट्राइक ऑफ’ असं दिसत होतं. मागं जात गेले तसा सगळा उलगडा झाला. वडील गेल्यानंतर फायलिंगचं काम ज्या सल्लागाराकडे होतं त्यानं दोन वर्षं ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र भरलंच नव्हतं. भावांकडून फी मात्र नियमित जात होती. पोर्टलवर ई-मेल पत्ता त्या सल्लागाराचाच होता, त्यामुळे आरओसीकडून आलेलं पत्र त्याच्याकडेच पडून राहिलं. नोंदणीकृत कार्यालय म्हणून जुन्या घराचा पत्ता होता. घर विकलं गेलं, पत्ता बदलल्याचा फॉर्म कुणी भरला नाही, आणि टपालानं आलेली नोटीस कुणाच्या हाती पडली नाही.

इथं निबंधक कार्यालयाचं गणित समजून घ्यायला हवं. आकुर्डीच्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला गोकुळ शिरगावातल्या मशीनचा आवाज ऐकू येत नसतो. कंपनीनं काय दाखल केलं तेवढंच त्याला दिसतं. दोन वर्षं काहीच दाखल नाही आणि नोटिशीला उत्तर नाही, तर धंदा बंद आहे असं त्यानं धरलं, आणि कायद्यानं त्याला ती मुभा दिली होती. पण शाळेच्या पटावरून नाव कमी झालं म्हणून पोर नाहीसं होत नाही. त्याला पुन्हा पटावर घ्यायची तरतूद शाळेत असते, तशी ती कंपनी कायद्यातही आहे. ती म्हणजे कलम २५२.

या कलमात दोन वाटा आहेत. निबंधकांच्या आदेशानं ज्याचं नुकसान झालं आहे अशा कुणालाही आदेशापासून ३ वर्षांच्या आत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, अपील करता येतं. नाव चुकून किंवा चुकीच्या माहितीवरून काढलं गेलं असं निबंधकांना स्वतःला वाटलं तर तेही याच मुदतीत अर्ज करू शकतात. दुसरी वाट लांब पल्ल्याची आहे. राजपत्रात सूचना छापल्यापासून २० वर्षांपर्यंत कंपनी, तिचा भागधारक, तिचा धनको किंवा तिचा कामगार अर्ज करू शकतो. नाव काढलं तेव्हा कंपनीचं काम चालू होतं, किंवा इतर कारणानं नाव परत लावणं न्याय्य आहे, याची न्यायाधिकरणाला खात्री पटली पाहिजे. १९५६ च्या कायद्यातही २० वर्षांची अशीच मुदत होती आणि तेव्हा हे अर्ज उच्च न्यायालयात चालत. पुरुषोत्तमदास प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं तेव्हाच्या कलमाचा उद्देश सांगताना म्हटलं होतं की कंपनीला, भागधारकांना आणि धनकोंना ती पुन्हा उभी करण्याची संधी मिळावी म्हणून ही तरतूद आहे. आजही आम्ही युक्तिवादात त्याच निकालाचा आधार घेतो.

भाऊ परत गेले ते कागद आणायला. मी यादी दिली होती: बँकेची पासबुकं, लेखापरीक्षण झालेले ताळेबंद, आयकर विवरणपत्रं, अबकारी आणि नंतर जीएसटीची रिटर्न्स, पीएफची चलनं, महावितरणची बिलं, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी. चार दिवसांनी धाकटा भाऊ टेम्पोतून बॉक्स फायली घेऊन आला. सोबत त्यांचे जुने सुपरवायझर होते, वडिलांच्या वेळेपासूनचे. डिलिव्हरी चलनांचे गठ्ठे त्यांनी सुतळीनं बांधून महिन्यावार लावून ठेवले होते. बऱ्याच चलनांवर ऑइलचे डाग होते आणि प्रत्येकावर गिऱ्हाइकाच्या गेटचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख होती. आम्ही तिघं जमिनीवर बसून ते लावत गेलो. ज्या ऑगस्टमध्ये कंपनीचं नाव काढलं गेलं त्याच ऑगस्टमधला एक कागद हाती आला, कास्टिंगच्या मशीनिंगचं चलन, गेटवर माल पोचल्याच्या शिक्क्यासह. महावितरणच्या बिलांवर दर महिन्याची युनिटं होती आणि एकाही महिन्यात ती शून्यावर आलेली नव्हती. जीएसटी १ जुलै २०१७ ला सुरू झाला होता आणि जुलै महिन्याचं ३बी विवरणपत्र कंपनीनं वेळेत भरून कर जमा केला होता. एका खात्यानं जिच्याकडून कर भरून घेतला ती कंपनी त्याच सुमारास दुसऱ्या खात्याच्या नोंदीतून नाहीशी झाली होती. ही दोन पानं मी याचिकेत शेजारीशेजारी जोडली.

सुपरवायझर उठताना म्हणाले, “ताई, कंपनी न्हाई म्हणत्यात, तर आमचा पीएफ, ग्रॅच्युइटी, त्याचं काय?” कामगाराचा हा प्रश्न कायद्यानं आधीच ऐकून ठेवला आहे. नाव काढलं तरी येणी वसूल करण्यापुरती आणि देणी फेडण्यापुरती कंपनी टिकून असल्याचं कायदा मानतो, आणि संचालकांची जबाबदारीही संपत नाही. मी त्यांना हे सांगितलं. शिवाय, मालक गप्प बसले तर कामगार म्हणून तुम्ही स्वतःसुद्धा अर्ज करू शकता, हेही सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना. माझ्या अनुभवात हा हक्क जवळजवळ कुणालाच ठाऊक नसतो. कंपनी मालकाची, तेव्हा ती उभी करायचा अधिकारही त्याचाच, असं लोक धरून चालतात. थकलेल्या बिलापायी हवालदिल झालेला पुरवठादार किंवा ग्रॅच्युइटीसाठी खेटे घालणारा कामगार यांना २० वर्षं हा दरवाजा उघडा असतो. करवसुलीसाठी आयकर खात्यानंही धनको म्हणून अशा कंपन्यांची नावं परत लावून घेतलेली आहेत.

याचिका एनसीएलटी-९ या नमुन्यात जाते. प्रतिज्ञापत्र, ठराव, पानांचे क्रमांक घातलेली अनुक्रमणिका, आणि सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी निबंधकांना प्रत पोचल्याचा पुरावा. कलम ४३२ नं कंपनी सेक्रेटरीला न्यायाधिकरणापुढे उभं राहायचा अधिकार दिला आहे, त्यामुळे मी स्वतःच हजर राहत असे. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि न्यायाधिकरणात बोर्डावर आपलं मॅटर कितव्या क्रमांकावर आहे ते पाहायचं. पहिल्या तारखांना निबंधकांचा अहवाल आणि आयकर खात्याचं म्हणणं मागवलं गेलं. निबंधकांचा अहवाल सरळ होता: विवरणपत्रं न आल्यानं कारवाई केली, थकलेली विवरणपत्रं जादा शुल्कासह भरण्याच्या अटीवर नाव परत लावायला हरकत नाही.

मधल्या काळात शेड बंद पडू द्यायची नाही हे भावांनी ठरवलं होतं. थोरल्या वहिनींचे दागिने पतसंस्थेत गेले आणि त्यातून पगार झाले. पुण्याच्या गिऱ्हाइकानं व्हेंडर कोड अडवून ठेवला होता. मी याचिकेची प्रत आणि पोच जोडून त्यांच्या खरेदी विभागाला पत्र लिहिलं, तेव्हा नवीन ऑर्डरी नाहीत तरी चालू ऑर्डरीचा माल घ्यायला ते तयार झाले. अशा दिवसांत कायद्याचं ज्ञान जेवढं उपयोगी पडतं तेवढंच एखादं नीट लिहिलेलं पत्रही पडतं.

शेवटच्या सुनावणीत सदस्यांनी एकच गोष्ट विचारली: नाव काढलं त्या तारखेला काम चालू होतं, याचा पुरावा कुठल्या पानावर आहे? मी पान क्रमांक सांगितला. चलन, वीजबिल आणि ३बी त्यांनी पाहिलं. काही मिनिटांत आदेश झाला. नाव पूर्ववत करावं, थकलेली विवरणपत्रं शुल्कासह भरावीत, कंपनीनं कॉस्ट भरावी. नाव काढलंच गेलं नव्हतं असं समजून कंपनीला आणि इतर सर्वांना शक्य तितकं पूर्वीच्याच स्थितीत आणावं, असंही आदेशात होतं. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. मधल्या महिन्यांत निघालेली बिलं, झालेले पगार, केलेले करार यांना त्यामुळे आधार मिळतो.

आदेश हाती आला म्हणजे काम संपलं असं नसतं. प्रमाणित प्रत मिळवून ती ३० दिवसांच्या आत आयएनसी-२८ फॉर्मनं निबंधकांकडे दाखल करावी लागते. त्यानंतर पोर्टलवरची स्थिती बदलते आणि मग थकलेले फॉर्म भरता येतात. उशीर किती महाग पडतो ते सांगते. १ जुलै २०१८ पासून ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र यांना प्रत्येकी दिवसाला १०० रुपये जादा शुल्क आहे. एका वर्षाचे हे दोन फॉर्म वर्षभर रखडले तर ७३,००० रुपये नुसते उशिराचे होतात. भावांच्या बाबतीत थकबाकी दोन वर्षांची होती हे त्यांचं नशीब. सलग तीन वर्षांची झाली असती तर कलम १६४ खाली दोघंही ५ वर्षांसाठी संचालकपदाला अपात्र ठरले असते. मग कंपनीचं नाव परत लागलं तरी फॉर्मवर सही कुणी करायची, हा नवा पेच उभा राहिला असता. बँकेनं आदेश आणि पोर्टलची नवी नोंद मुख्यालयाला पाठवली आणि मंजुरी आल्यावरच खातं मोकळं झालं. पहिला व्यवहार पीएफच्या चलनाचा झाला. तो तसाच व्हावा असा थोरल्या भावाचा आग्रह होता.

सगळ्याच प्रकरणांत मशीन चालू असते असं नाही. एका आजींच्या यजमानांची कंपनी होती. धंदा कधीच बंद पडलेला, यजमानही गेलेले. कंपनीच्या नावावर रत्नागिरीजवळ एक बिनशेती प्लॉट तेवढा राहिला होता. आजींच्या उपचारांसाठी तो विकायचा तर दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत होईना, कारण लिहून देणारी कंपनीच विसर्जित. मालक नसलेली मालमत्ता संविधानाच्या अनुच्छेद २९६ नुसार सरकारकडे जाऊ शकते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या धास्तावल्या होत्या. इथं काम चालू असल्याचा पुरावा देणं शक्यच नव्हतं. भागधारकाची खरी मालमत्ता अडकून पडली आहे, कुणाची देणी बुडत नाहीत, तेव्हा नाव परत लावणं न्याय्य आहे, एवढंच आम्ही मांडलं. सात-बारा, मूळ खरेदीखत आणि वारसाचे कागद यांवर ते टिकलं.

काही वेळा मी नकारही दिला आहे. एकजण जुनी, विसर्जित झालेली कंपनी घेऊन आला. कामगार नाहीत, मालमत्ता नाही, देणंघेणं नाही, हिशेबाचं एक पान नाही. कंपनी जुन्या सालची आहे म्हणून विकत घ्यायला कुणीतरी तयार होतं, तेवढ्यासाठी तिला उभी करायची होती. मी काम घेतलं नाही. ज्या गैरप्रकारांसाठी ही मोहीम काढावी लागली, त्यांनाच कलम २५२ मधून मागच्या दारानं आत घेतलं, तर भावांसारख्यांच्या अर्जांकडेही उद्या संशयानं पाहिलं जाईल. हे कलम ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याचसाठी राखून ठेवणं ही आम्हा व्यावसायिकांचीही जबाबदारी आहे.

उलट बाजूचं एक प्रकरणही इथं सांगायला हवं. कामगारांची देणी थकवून मालकानं स्वतःच अर्ज करून कंपनी बंद करून घेतली होती. असा अर्ज करताना संचालकांना देणी नसल्याचं प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र द्यावं लागतं. खोटं सांगून नाव काढून घेतलं तर कलम २५१ खाली ते वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरतात आणि फसवणुकीच्या कलमाखाली शिक्षाही होऊ शकते. ग्रॅच्युइटी अडकलेल्या कामगारांना मी ही दोन्ही कलमं मराठीत लिहून दिली. त्यांच्या संघटनेनं त्याच कागदाच्या आधारे मालकाला नोटीस पाठवली आणि तडजोडीत पैसे मिळाले. न्यायाधिकरणापर्यंत जावंच लागलं नाही.

इतकी प्रकरणं हाताळल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. कंपनी पुन्हा उभी राहते ती वकिलाच्या किंवा सेक्रेटरीच्या हुशारीवर फार कमी, आणि रोजच्या कामाचे कागद जपणाऱ्या माणसांवर फार जास्त. आमच्या त्या प्रकरणात सुतळीनं बांधलेल्या चलनांनी जे केलं ते कुठल्याही युक्तिवादानं झालं नसतं. आणि २० वर्षांची ही सवड कायद्यानं ठेवली आहे ती कंपनीवर पोट असलेल्या सगळ्यांसाठी, फक्त मालकांसाठी नाही.

म्हणून छोट्या कंपन्या चालवणाऱ्यांना कळकळीनं सांगते. वर्षातून दोनदा तरी पोर्टलवर आपल्या कंपनीचं नाव टाकून स्थिती पाहा, त्याला पैसे पडत नाहीत. नोंदणीतला ई-मेल आणि पत्ता स्वतःचा ठेवा, सल्लागाराचा नको. भरलेल्या प्रत्येक फॉर्मची पावती मागून घ्या. धंदा थांबवायचाच असेल तर कलम ४५५ खाली सुप्त दर्जा घ्या, किंवा देणी फेडून १०,००० रुपये शुल्क भरा आणि एसटीके-२ फॉर्मनं रीतसर बंद करा. आणि नाव काढलं गेलंच, तर त्याच शेडमध्ये दुसऱ्या नावाची कंपनी काढून पुढं जाऊ नका. जुन्या कंपनीत तुमच्या कामगारांची सेवेची वर्षं आहेत, धनकोंची बाकी आहे. ३ वर्षांच्या आत अपील करा, आणि ती मुदत उलटली असली तरी २० वर्षांची वाट शिल्लक आहे का ते विचारायला या.